वारस नोंद

आमच्या शेजारच्या तात्यांचे वडील जाऊन तीन वर्षं झाली. सात-बाऱ्यावर वारस नोंद लागावी म्हणून तात्यांचे कचेरीत हेलपाटे चालू आहेत. कधी दाखल्यात आडनावाची वेलांटी चुकते, कधी साहेब मीटिंगला जातात.

पण सरकारला वारस नोंद झटपट जमत नाही, असं कुणी म्हणू नये. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला, 1911 साली तो मुंबई इलाख्यापर्यंत आणला आणि आजा, बाप, पाळण्यातलं पोर अशा सगळ्यांची एकरकमी नोंद लावून टाकली. फेरफार नाही, हरकतीची मुदत नाही. 31 ऑगस्ट 1952 ला ती कागदावरून खोडली. मग 1959 साली आमच्या मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्यात जातीचं नाव नाही. रिकामी जागा ज्याने त्याने मनात भरायची.

त्याच नोंदीतल्या, शिरूर-दौंडच्या माळांवर उतरणाऱ्या फासेपारध्यांचा धंदा फास लावून तित्तर-लावे धरायचा. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तोही गुन्हा झाला. म्हणजे धंदा केला तर आत, नाही केला तर ‘मग हे खातात काय?’

गेल्या थंडीत घोड नदीवरची तात्यांची पाच एचपीची मोटार गेली. पारावर चहा निवायच्या आत तपास पूर्ण झाला.

“माळावर पालं उतरलीत ना? मग?”

पहाटे गाडी आली, दोघांना घेऊन गेली. पालातली म्हातारी मागे धावत विचारत होती, “साहेब, एवढं धूड न्यायचं कशावर? आमच्याकडं सायकल बी न्हाई.” साहेब म्हणाले, “ते तुम्हीच सांगायचं.” चोरीसारखाच तिचा तपासही चोरानेच करायचा, अशी ही सोय.

त्याच नदीतून रात्रभर हायवा भरून वाळू जाते. वाळू ‘जाते’ हं, तिला कुणी चोरत नाही. नेणाऱ्याला गाव ‘दादा’ म्हणतं, वाढदिवसाला चौकात ‘युवा उद्योजक’ असा फ्लेक्स लागतो, कोपऱ्यात आमचाही पासपोर्ट फोटो असतो. गुन्हेगारपण कृत्यात नसतं, लोक जो शिक्का मारतात त्यात असतं, हे सांगायला हॉवर्ड बेकर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाला 1963 साली ‘आउटसायडर्स’ नावाचं अख्खं पुस्तक लिहावं लागलं. आमच्या पारावर येऊन बसला असता तर दोन पानांत भागलं असतं.

शिक्का नुसता कपाळावर राहत नाही, खाली उतरतो. वर्गात पेन हरवलं की पहिलं दप्तर पारध्याच्या पोराचं उपडं होतं. चार वेळा उपडं झाल्यावर पोर शाळेत येईनासं होतं. रांजणगावच्या एमआयडीसीत उभं राहिलं तर ‘ओळखीचं कोण?’ ओळख तर तालुकाभर आहे, तीच नडते. पुढे त्याने खरोखर कुणाची केबल कापली की पार सुखावतो: “सांगितलं नव्हतं?”

हे फक्त पाराचंच शहाणपण, असंही नाही. नाशिकजवळच्या 2003 सालच्या एका खून खटल्यात भटक्या जमातीतल्या 6 जणांना फाशीची शिक्षा झाली. प्रत्यक्ष पाहणाऱ्या बाईने पोलिसांच्या अल्बममधून बोट दाखवलं होतं ते वेगळ्याच चौघांवर! सर्वोच्च न्यायालयाने आधी सहाही जणांना फाशीच सुनावली आणि 2019 साली सगळ्यांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी 5 लाख देऊन. तुरुंगातल्या एका वर्षाचे किती पडले, हा हिशेब ज्याने त्याने करावा.

मोटारीचं राहिलंच. पाचव्या दिवशी तात्यांचा भाचा दौंडहून छोटा हत्ती घेऊन आला. मागे मोटार. “मामा, जळाली होती ना? भरून आणली.”

तात्यांनी तिच्यावर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा घेता घेता मी विचारलं, “त्या दोघांचं काय?”

“आता तक्रार मागे घ्यायची म्हणजे पुन्हा हेलपाटा,” तात्या म्हणाले. “वारस नोंदीचेच काय कमी आहेत?”