बाटलीतलं कुंभस्नान

डिझेलच्या टाकीत इंजिन क्लीनरची एक बाटली ओता, ट्रकच्या इंजिनातला सगळा कार्बन साफ! बारा वर्षांची पापं एका डुबकीत धुणाऱ्या कुंभमेळ्याचीच ही सोय. फक्त बाटलीतलं रसायन डिझेलच्या वाटेनेच जातं. इंजेक्टरचं तोंड थोडंफार धुतलं, तेवढं पुण्य त्याच्या पदरी. धूर परत इंजिनात फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह आणि हवा आत नेणारा इनटेक मॅनिफोल्ड यांतल्या काजळीला त्याचं दर्शनही घडत नाही. तिथून डिझेल जातच नाही. तिथे पाना आणि ब्रश घेतलेला मेकॅनिकच लागतो. चोंदलेला एअर फिल्टर, ढाब्यावर जेवण होईपर्यंत चालू ठेवलेलं इंजिन, भेसळीचं स्वस्त डिझेल, या काजळीच्या मूळ कारणांबद्दल बाटलीवाला अवाक्षर काढत नाही. का काढेल? मालक सुधारला, तर पुढची बाटली खपणार कुणाला?