बाकी काही घातलेलं नाही!

भाऊकाकांच्या खिशातल्या भिंगाला आमच्या भागातले दुकानदार टरकून असतात. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून हे गृहस्थ पाकिटाची पुढची बाजू बघतच नाहीत. आंबापोळीच्या पाकिटावर पुढे रसरशीत आंबा. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत पहिलं नाव साखरेचं. ‘‘जे वजनाला जास्त ते आधी छापायचं, असा कायदा आहे. म्हणजे ही साखरपोळी! आंबा नुसता साक्षीला.’’ परिरक्षकांचे आकडे तर पाठच : २०२ म्हणजे पोटॅशियम सॉर्बेट, २११ म्हणजे सोडियम बेंझोएट. काकूंचा वाढदिवस विसरणाऱ्या माणसाला हे आकडे झोपेतून उठवलं तरी येतात. जर्दाळू एवढे केशरी कसे राहतात, यावर गंधकाच्या धुरीचं सविस्तर व्याख्यान होतं, आणि मागे गिऱ्हाइकांची रांग लागते.

कोकणातून येऊन डोंबिवली-ठाण्यात स्थिरावलेल्या माणसांच्या सोसायटीत असा एक नमुना असतोच. मे उजाडला की त्याच्या अंगात येतं.

गावाकडून रायवळ आंब्यांच्या पेट्या येतात. हापूसला साठाच्या, म्हणजे आंबापोळीच्या, कामात मज्जाव. ‘‘तो कापून खायचा. साठ रायवळाचंच!’’ रस पिळायचा, रेषा गाळायच्या, ताटाला तुपाचं बोट फिरवायचं, पातळ थर द्यायचा आणि ताट उन्हात. तो सुकला की वर दुसरा, मग तिसरा. कड आपण होऊन ताट सोडते आणि मधे अंगठा दाबला तरी चिकटत नाही, तेव्हा झालं. किलोभर रसाचं पाव किलोसुद्धा साठ भरत नाही. उरलेलं सगळं पाणी, ते ऊन पितं. आणि पाणी गेलं की बुरशीला थारा नाही. मग साखर हवी कशाला, असं काका विचारतात. इथे त्यांचं म्हणणं बिनतोड आहे, हे कबूल करायला हवं.

फळावर कमीत कमी प्रक्रिया, हा त्यांचा बाणा. प्रक्रिया होते ती घरच्यांवर. ताटं सगळी गच्चीवर, म्हणून महिनाभर घरची जेवणं डब्यांच्या झाकणांत. सूनबाई गच्चीच्या जिन्यात लॅपटॉप घेऊन बसतात, शेजारी कावळ्यांसाठी काठी. मीटिंगमध्ये मधूनच ‘हाऽऽड’ ऐकू येतं, त्याची त्यांच्या साहेबांना आता सवय झाली आहे. मुलाला ऑफिसात फोन जातो, ‘‘तुमच्याकडे मळभ आहे का रे?’’ गच्चीची दक्षिण बाजू कुणाची, काकांच्या ताटांची की सेक्रेटरीबाईंच्या कुरडयांची, हा वाद सर्वसाधारण सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून दरवर्षी निघतो.

फणसपोळीचा दिवस तर विचारूच नका. पोळीला बरका फणसच लागतो. कापा गरे खायला. पिकलेला बरका लिफ्टमधून वर गेला की सातव्या मजल्यापर्यंत वर्दी पोचते. गरे चाळणीवर घासून रस काढायचा. हाताला खोबरेल चोळलेलं असतं, तरी चीक दाराच्या कडीला, टीव्हीच्या रिमोटला आणि शेवटी भिंगाला लागतो.

‘‘अहो, पोळीत काही घालत नाही म्हणता,’’ काकू विचारतात, ‘‘मग माझी खोबरेलाची बाटली गेली कुठे?’’

काकांना निरुत्तर केलं ते मात्र नातवानं. दुसरीतला पोरगा. साठाचा तुकडा चघळता चघळता त्यानं आजोबांचं भिंग घेतलं आणि डबा उलटापालटा करून बघितला.

‘‘आजोबा, ह्याच्या मागे काहीच लिहिलेलं नाही.’’

काका खूश. लगेच कागद घेऊन वळणदार अक्षरात लिहिलं: ‘घटक : आंबा. बाकी काही घातलेलं नाही.’

पोरानं सावकाश वाचलं. ‘‘आणि तूप?’’

काका बराच वेळ गप्प होते. तेव्हापासून डब्यावर चिठ्ठी असते : ‘घटक : आंबा, तूप (ताटापुरतं).’ साखर घालतील ते दुसरे. क्रम मात्र वजनानुसारच.

साठ चिवट असतं, दाढेत बसतं, एखाद्या वर्षी आंबट निघतं, आणि दुकानातल्या कुठल्याही पोळीपेक्षा सरस असतं. हवं असेल तर मेच्या पहिल्या आठवड्यात काकांकडे नाव द्या. पैसे घेत नाहीत, गच्चीवर एक दुपार राखणीला बसवतात. टोपी आपली आणायची. आणि ‘थोडी साखर चालली असती’ असं चुकूनही म्हणू नका, नाव खोडतात.