ठमीचा जैसे थे करार

येळवसला धाराशिव रिकामं होतं. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात, दुकानांची शटरं खाली येतात. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात जातो आणि ज्याला नाही तो ज्याला आहे त्याच्या शेतात जातो. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला कडब्याची कोप उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडून त्यांना पांडव म्हणायचं, भज्जी, उंडे, खीर आणि आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग बांधाच्या सावलीला आडवं व्हायचं. संध्याकाळी परतताना प्रत्येकाच्या गाडीत काहीतरी असतंच: हरभऱ्याचा डहाळा, बोरं, तांब्याभर उरलेली आंबील. यंदा आमच्या गाडीत मांजराचं पिल्लू होतं.

ते कोपीमागच्या कडब्याच्या गंजीत सापडलं. पिवळं, मुठीत मावेल एवढं आणि आवाज मात्र लाऊडस्पीकरवाल्याचा. सालगडी म्हणाला, "त्याच्या मायला कुत्र्यानं नेली. माझी कारभारीण भाकर कुस्करून घालती म्हणून ऱ्हायलंय."

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चष्मा वर करून त्याच्याकडं पाहिलं. "मांजर पिलांना सात घरं फिरवतं," त्या म्हणाल्या. "ह्याला फिरवणारीच ऱ्हायली नाही. एक घर आपणच दाखवू." आमच्या घरात आत्याबाई बोलल्या की ठराव मंजूर होतो, अनुमोदनाची गरज पडत नाही. येळवसला मिळालं म्हणून नाव ठेवलं येळू.

अडचण एकच होती. घरी ठमी होती.

ठमी ही काळ्या, पिवळ्या आणि पांढऱ्या अशा तीन रंगांची, वयानं पोक्त आणि स्वभावानं करारी मांजर आहे. रेशनकार्डावर नाव नाही, एवढाच तिच्यात आणि आमच्यात फरक. ती आत्याबाईंच्या बाजेवर पायथ्याशी निजते, आत्याबाई जेवायला बसल्या की जेवते, आणि गॅस सिलिंडरवाला आला की त्याच्या मागोमाग स्वयंपाकघरापर्यंत जाऊन काम नीट झाल्याची खात्री करून घेते. घरात दुसरं मांजर असावं असं तिनं कधी सुचवलं नव्हतं.

आमचे हे कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतात. कुठल्याही भेटीला औपचारिकता हवी, असं त्यांचं मत. त्यांनी बैठकीत मधोमध पिशवी ठेवली, येळूला बाहेर काढलं आणि म्हणाले, "ठमे, हा तुझा धाकटा भाऊ." ठमीची शेपटी बाटल्या धुवायच्या ब्रशासारखी फुगली. ती जे फिस्कारली, ते ऐकून शेजारच्या काकूंनी खिडकीतून "कुकर उतू गेला का गं?" असं विचारलं. येळूही मागं हटला नाही. पाठीची कमान करून तोही फिस्कारला. आवाज आला डास मारायच्या रॅकेटएवढा. ठमी फडताळावर चढली आणि तिथून रात्रभर आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवर लक्ष ठेवून बसली.

दुसऱ्या दिवशी मी येळूला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले. उस्मानाबादी शेळीचा हा मुलूख. जिल्ह्याचं नाव बदललं तरी शेळीच्या जातीचं नाव अजून तेच आहे, आणि शेळ्यांनाही त्याबद्दल काही म्हणायचं दिसलं नाही. रांगेत काळ्याभोर शेळ्या, एक लंगडणारा बैल, दोन जुळी करडं आणि त्यांच्यात मी, बुट्टीत मांजर घेऊन. एका आजोबांनी बुट्टीत डोकावून अत्यंत सहानुभूतीनं विचारलं, "दूध किती देती?"

डॉक्टर तरुण होते. त्यांनी येळूला उलटा-सुलटा करून पाहिला आणि सांगितलं की हा बोका आहे. पिवळी मांजरं बहुधा बोकेच असतात आणि तीनरंगी जवळजवळ नेहमी मादी, कारण रंगाचं ते जनुक एक्स गुणसूत्रावर बसलेलं असतं. जंताचं औषध दिलं. आठ आठवड्यांच्या पुढं पहिली लस, तीन-चार आठवड्यांनी दुसरी मात्रा, तीन महिन्यांचा झाला की रेबीजची, असा कागद लिहून दिला. मग मी ठमीचं प्रकरण काढलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"समोरासमोर आणलंत?" त्यांनी विचारलं. मी ह्यांच्या वतीनं गप्प राहिले.

मग त्यांनी समजावलं. मांजराचा मूळपुरुष म्हणजे आफ्रिकेतलं रानमांजर, एकट्यानं शिकार करणारं. माणसाच्या धान्याला उंदीर लागले, उंदरांच्या मागं ते आलं. एकत्र कुटुंब त्याच्या रक्तात नाही, हद्द आहे. म्हणून नव्या पिल्लाला आधी वेगळी खोली द्यायची. ताट वेगळं, पाणी वेगळं. लपायला एक खोका द्यायचा. भेटायला येणाऱ्यांची गर्दी नको. उचलून कुणाच्या पुढ्यात ठेवायचं नाही. एकाचं अंथरूण दुसऱ्याला हुंगायला द्यायचं. बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना जेवायला घालायचं, म्हणजे दुसऱ्याचा वास आणि पोट भरणं यांची सांगड बसते. मग दार बोटभर उघडायचं, मग वीतभर. फिस्कारलं तर रागवायचं नाही. दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त.

मागं रांगेतल्या शेळीवाल्या आजोबांनी हे सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, "डाक्टर बराबर सांगायलेत. शेळी दुसरीचं करडू घेत नसती. मग तिचंच दूध काढायचं अन् करडाच्या अंगाला चोळायचं. वास लागला की घेती. तिला काय, नातं समजत नाही. वास समजतो."

परत येताना माझ्या मनात एक निराळाच हिशेब चालू होता. वेगळी खोली, गर्दी नको, उचलून पुढ्यात ठेवायचं नाही. मी या घरात आले त्या दिवशी उंबऱ्यातच साठ-सत्तर माणसं होती, प्रत्येकीनं हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडं वळवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी अनोळखी परातीत पुरणाची कणीक मळत होते. लपायला खोका कुणी दिला नव्हता.

येळूला ज्वारीच्या पोत्यांची खोली मिळाली. पोती, कडधान्याचे डबे आणि ह्यांची हैदराबाद मुक्तिसंग्रामावरची पुस्तकं असलेली ही खोली त्याला पसंत पडली. उंदरांना पडली नाही. प्रश्न आला वाळूचा. डॉक्टरांच्या हिशेबानं मांजरं असतील त्याहून एक पेटी जास्त हवी. दुकानातली तयार वाळू परवडेना, म्हणून पोरगा समोरच्या बांधकामावरून पाटीभर वाळू मागून आणायला गेला. आमच्याकडं वाळू हा मौल्यवान धातू मानला जातो. मुकादमानं आधी विचारलं, "कशाला?" पोरानं खरं सांगितलं. मुकादम बराच वेळ ढिगाऱ्याकडं पाहत राहिला आणि मग म्हणाला, "ने. पण वापरलेली परत आणू नको." शेवटी घरात माणसं चार आणि संडास एक, मांजरं दोन आणि पेट्या तीन, अशी स्थिती झाली.

ह्यांनी खोलीच्या दाराला सरहद्द घोषित केलं. रात्री जेवताना त्यांनी आम्हाला सांगितलं की 29 नोव्हेंबर 1947 रोजी निजाम आणि भारत सरकार यांच्यात असाच 'जैसे थे करार' झाला होता. ज्याचं जे आहे ते वर्षभर तसंच ठेवायचं, आणि दरम्यान बोलणी करायची. "मग?" पोरानं विचारलं. "मग 13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरकडून फौज आत आली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला. 17 सप्टेंबरला सगळं संपलं." म्हणजे वर्षाचा करार साडेनऊ महिने टिकला. "आपला साडेनऊ दिवस टिकला तरी पेढे वाटीन," आत्याबाई म्हणाल्या.

दुधावरून मात्र डॉक्टरांवर अविश्वासाचा ठराव आला. बऱ्याच मांजरांना गाई-म्हशीचं दूध पचत नाही, पोट बिघडतं, हे मी सांगितल्यावर आत्याबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी तुळजाभवानीला कुंकू चालत नाही म्हणाले. त्यांचं माहेर भूमकडचं. तिकडं गावागावांत खव्याच्या भट्ट्या. "आमच्या भट्टीवरची मांजरं खवा खाऊन म्हातारी झाली," त्या म्हणाल्या. त्यांनी येळूला चोरून वाटीभर दूध पाजलं. त्या रात्री तिन्ही पेट्या कमी पडल्या. पहाटे त्या मला म्हणाल्या, "त्या डॉक्टरला शिक्षण बरंय."

वासाची देवाणघेवाण सुरू झाली. आत्याबाईंच्या जुन्या इरकलीचे दोन तुकडे केले. एक येळूखाली, एक ठमीखाली, आणि रोज अदलाबदल. ठमी येळूच्या तुकड्याशी जायची, हुंगायची आणि तोंड अर्धवट उघडून तशीच थांबायची. टाळूतल्या एका इंद्रियानं मांजरं असा वास चाखतात, हे कळेपर्यंत आम्हाला वाटत होतं की तिला शिसारी आली आहे. कळल्यावरही तसंच वाटत राहिलं.

करार मोडला आमच्या पोरानं. क्रिकेट खेळून आला, बॅट ठेवायला खोलीचं दार सताड उघडलं, आणि येळू शेपटी उभी करून थेट ठमीच्या ताटाशी गेला. पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण लोणच्याची बरणी मधे आली. धूळ बसली तेव्हा येळू बॅटच्या पिशवीत होता आणि ठमी ह्यांच्या टेबलावर. तिथं सहामाहीच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. ठमीनं त्या गठ्ठ्यावर, अगदी सावकाश, आमच्या डोळ्यांत डोळे घालून, आपली हद्द पुन्हा आखली. ह्यांनी उत्तरपत्रिका दोरीवर वाळत घातल्या. फेरतपासणीचा अर्ज करायला एकही विद्यार्थी पुढं आला नाही.

हे सगळं चाललं होतं पौषात. पौषातच तुळजाभवानीच्या मंचकी निद्रेतली एक निद्रा येते. देवीची मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. शाकंभरी नवरात्राला ती परत सिंहासनावर येते. देवी निजलेली असताना आत्याबाई स्वतः बाजेवर निजत नाहीत, जमिनीवर चटई टाकतात. यंदा चटई पडली ती नेमकी ज्वारीच्या खोलीच्या दारासमोर, कारण बाकी सगळीकडं पेट्या होत्या. ठमीपुढं धर्मसंकट उभं राहिलं. बाज रिकामी, पण आत्याबाईंचे पाय खाली. एक रात्र ती बाजेवर एकटी बसून राहिली. दुसऱ्या रात्री उतरली आणि पायथ्याशी येऊन वळली. दाराच्या फटीतून एक पिवळा पंजा बाहेर आला आणि तिच्या शेपटीच्या टोकाला लागला. आत्याबाई जाग्याच होत्या. त्या सांगतात, ठमी गुरगुरली, शेपटी आवरून घेतली, आणि थोड्या वेळानं होती तिथं परत ठेवली.

शाकंभरी नवरात्र बसलं तेव्हा दार वीतभर उघडं होतं. संक्रांतीपर्यंत ते उघडंच राहू लागलं. ह्यांनी "विलीनीकरण झालं" असं जाहीर केलं. आत्याबाई म्हणाल्या, "कशाचं इलीनीकरण? ती त्याला हिशेबातसुद्धा धरत नाही." दोघंही बरोबर आहेत. ठमी आणि येळू एकमेकांना बिलगून झोपत नाहीत. फोटोत शोभेल असं काही करत नाहीत. ती चाटून झाल्यावर तो त्याच जागी बसतो. तिनं गॅसवाल्याची पाहणी केली की तो मागून जाऊन तीच पाहणी पुन्हा करतो. चुकून समोरासमोर आले तर ती एक चापट देते, नखं आत ठेवून. पाहुणे विचारतात, "गट्टी जमली का?" आम्ही सांगतो की दोघं एका घरात राहतात. आमच्यापैकी कुणाबद्दलही याहून जास्त काही शपथेवर सांगता येणार नाही.

परवा कळंबहून आत्याबाईंच्या धाकट्या जावेचा फोन आला. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलंय, मुलगी पुण्याला नोकरीला असते, आपल्याकडं रमेल का, या काळजीत त्या होत्या. आत्याबाईंनी फोन स्पीकरवर टाकला, बाजेवर मांडी घातली आणि सांगायला सुरुवात केली.

"हे बघ, आल्या आल्या तिला माणसांच्या गराड्यात बसवू नको. आधी वेगळी खोली दे. तिला काय खायचं ते खाऊ दे. जबरदस्तीनं कुणाच्या पुढ्यात नेऊन उभी करू नको. घराचा वास लागू दे तिला, अन् तिचा घराला. दार हळूहळू उघडायचं. अन् फिस्कारली, तर अजिबात रागवायचं नाही."

तिकडं बराच वेळ शांतता होती. मी भाजी निवडायची थांबले होते. मग जाऊबाईंनी विचारलं, "हे सगळं तुम्हाला सांगितलं कुणी?"

"डॉक्टरनं."

"कोणच्या डॉक्टरनं?"

"जनावरांच्या," आत्याबाई म्हणाल्या. मग माझ्याकडं पाहत, फोनमधे जरा मोठ्यानं, "आमच्या टायमाला नव्हता तो."