पुणे ३० ते एसई २

लंडनला गेल्यावर पहिल्यांदा मी टिळकांच्या शेजारी राहायचं ठरवलं.

ऑफिस पॅडिंग्टनला. तिथून कालव्याच्या कडेनं दहा-बारा मिनिटं चाललं की मेडा व्हेल नावाचा भाग लागतो आणि त्यातल्या हाउली प्लेसमध्ये दहा नंबरच्या घरावर निळी गोल पाटी आहे. १९१८-१९ मध्ये लोकमान्य तिथे राहत होते. चिरोल नावाच्या इंग्रज पत्रकारावर बदनामीचा खटला भरला होता, त्यासाठी आलेले. सदाशिव पेठेत जन्मलेल्या माणसाला परदेशात याहून चांगला शेजार कुठला? पहिल्याच रविवारी मी बायकोला घेऊन गेलो, पाटीखाली उभा राहिलो, फोटो काढून घेतला आणि घरच्या ग्रुपवर टाकला : ‘घर बघतोय.’ यात खोटं काहीच नव्हतं. बघतच होतो. बाहेरून.

भाडं जाहिरातीत साडेचारशे पौंड लिहिलेलं. आठवड्याचं. मी मनात चारनं गुणलं आणि अठराशेवर खूश झालो. पण इंग्रज भाडं सांगतो आठवड्याचं आणि घेतो महिन्याचं. मधे तो बावन्ननं गुणतो आणि बारानं भागतो. झाले एकोणीसशे पन्नास. महिना अठ्ठावीस दिवसांचा समजल्याचा दंड दीडशे पौंड. त्या आकड्याला मी नव्वदनं गुणलं आणि गुणाकार बायकोला न दाखवता फोन खिशात ठेवला. टिळक तो खटला हरले होते. माझा तर दाखल करण्यापूर्वीच निकाल लागला.

तरी एक घर आतूनही बघितलं. मान पुरेशी वाकडी केली तर खिडकीतून कालव्याचा चतकोर तुकडा दिसायचा. घर दाखवणारा एजंट कोवळा पोरगा होता, बूट मात्र वयापेक्षा टोकदार. सगळं दाखवून झाल्यावर किल्ली फिरवत तो अगदी सहज म्हणाला, “तुम्ही स्वयंपाक बराच करता का?” मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. आणि कळल्यावर मी हसून म्हणालो, “छे छे, आम्ही बहुतेक सॅलडच खातो.”

बायको रस्त्यावर येईपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, “फोडणीला ओळख दाखवली नाहीस. उद्या तुझ्या आईबद्दल विचारलं तर?”

ही गोष्ट २०१९ च्या जानेवारीतली. त्याच्या दोनच वर्षं आधी केंटमधल्या एका बड्या घरमालकानं करीचा वास घराला चिकटतो म्हणून भारतीय-पाकिस्तानी भाडेकरू नकोत असा हुकूम काढला होता आणि कोर्टानं तो बेकायदा ठरवला होता. म्हणजे मी ताठ मानेनं ‘हो, रोज करतो, हिंग घालून करतो’ म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण मला राग आला तो त्या पोराचा आला नाही. आमच्या वाड्यातल्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या असत तेव्हा काका येणाऱ्या प्रत्येकाला काय काय विचारत, ते मी लहानपणी जिन्यात बसून ऐकलंय. आडनाव. मग गाव. मग ‘घरात काय शिजतं’. आवाज असाच गोड. समोरचा माणूस टोपी हातात घेऊन ‘छे छे’ म्हणायचा आणि मला तो प्रश्न तेव्हा अगदी साधा वाटायचा.

असो. ते घर आम्हाला मिळालंही नाही. सॅलड फुकट गेलं.

माझी मामेबहीण वीस वर्षं हॅरोला राहते. ती सुरुवातीपासून एकच सांगत होती, “अरे, इकडे ये. वेंब्ली जवळ, महाराष्ट्र मंडळ जवळ, कोथिंबीर जुडीनं मिळते.” लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आणि त्याची वास्तूही डॉलिस हिलला, म्हणजे त्याच अंगाला. पण मी तिला म्हणालो, “ताई, मी काय कोथिंबिरीसाठी लंडनला आलोय?” हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. मी ते चार-पाच जणांना ऐकवलं.

मला हवा होता पत्ता. घर काय, कसंही चाललं असतं. पत्ता मात्र असा हवा की ऐकणाऱ्यानं क्षणभर थांबावं. याचं मूळ माझ्या घरात आहे, त्यामुळे आता थोडं बाबांबद्दल सांगावं लागेल. घाईत असाल तर पुढचे तीन परिच्छेद सोडून द्या. मला सोडता येणार नाहीत.

बाबा आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालात, चौतीस वर्षं सॉर्टर होते. रात्रपाळीत इतरांची पत्रं खणाखणांत टाकण्यात आयुष्य गेलं. आमच्या घरात गणपतीच्या खालोखाल मान श्रीराम भिकाजी वेलणकरांचा. देशात १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला तो या मराठी माणसाच्या डोक्यातून. वेलणकर संस्कृतचे कवी होते आणि बाबांच्या मते हे कविता करणाऱ्यालाच सुचू शकतं. महाराष्ट्रात वडगावं किती आणि पिंपळगावं किती! त्यात पत्ता लिहिणारा कुठल्या लिपीत लिहील याचा नेम नाही. त्यावर उपाय काय, तर सहा आकडे. पहिला चार म्हटलं की महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, गोवा. पहिले तीन, चारशे अकरा, म्हणजे पुणे. शेवटचे तीन म्हणजे तुमचं पोस्ट. डावीकडून उजवीकडे वाचत गेलं की माणूस देशातून अलगद पेठेत उतरतो.

इतर घरांत पाहुण्यांसमोर मुलांना कविता म्हणायला लावत. मला बाबा उभं करत आणि विचारत, “चारशे सोळा?” मी म्हणे, “कोल्हापूर!” “चारशे एकतीस?” “औरंगाबाद!” “चारशे तीन?” “गोवा!” मग पाहुणे चहा घेत. ताईसाठी, म्हणजे सख्ख्या बहिणीसाठी, एक बरं स्थळ आलं होतं, मुलगा इंजिनिअर. पण पत्रिकेच्या पाकिटावर पिनकोड नव्हता. बाबांनी ‘पत्रिका जुळत नाही’ असं कळवलं. कळवतानाच्या पाकिटावर त्यांचा पिनकोड शोधून, ठसठशीत लिहून.

आणि आमचा स्वतःचा पत्ता? पुणे ३०. आधीचं ४११० लिहायचीही गरज नाही. ‘पुणे ३०’ म्हटलं की समोरचा एक तर आदरानं बघतो किंवा चिडतो, आणि आम्हाला दोन्ही चालतं. दोन खोल्या, सामाईक संडास, पावसात गळणारा कोपरा. पण पुणे ३०. या पत्त्यात वाढलेल्या माणसानं लंडनमध्ये उगाच कुठेतरी राहायचं?

तर कंपनीनं दिलेल्या खोलीतले शेवटचे आठ दिवस उरले असताना मला एक जाहिरात दिसली. एक बेडरूम, भाडं महिन्याला एक हजार पन्नास, पोस्टकोड एसई २. मी रात्री बाबांना फोन लावला.

“एसई एक कुठे येतं?” त्यांनी विचारलं.

“वॉटर्लू स्टेशन. नदीकाठी. पलीकडे पार्लमेंट.”

“मग दोन त्याच्याच शेजारी. आकडा शेजारीच जाणार ना? एवढं राज्य चालवलं त्यांनी, अनुक्रम कळत नसेल?”

मला पटलं. वॉटर्लूच्या शेजारी एक हजार पन्नास! इंग्रजांना या भागाचा अजून सुगावा लागलेला नाही, अशी माझी समजूत झाली. नकाशा बघायला कुणी अडवलं होतं का? नव्हतं. पण तीस वर्षं पाहुण्यांसमोर पिनकोड ओळखलेला माणूस नकाशा बघत नसतो.

लंडन ब्रिजला गाडीत बसलो. ग्रिनिच गेलं. वुलिच गेलं. प्लमस्टेड गेलं. मी बायकोला म्हणालो, “बहुतेक फास्ट गाडीत बसलो.” ती म्हणाली, “प्रत्येक स्टेशनावर थांबतेय.” अर्ध्या तासाच्या वर गेल्यावर ॲबी वुड आलं. हेच एसई २. झोन चार.

भानगड अशी आहे. लंडनचे टपालविभाग १८५७ पासूनचे, पण त्यांना आकडे लावले १९१७ मध्ये. महायुद्ध चालू, मुरलेले सॉर्टर आघाडीवर, नवख्या हातांना खण सापडावा म्हणून ही सोय. प्रत्येक विभागात मुख्य कचेरीच्या भागाला एक नंबर दिला आणि उरलेल्यांना चक्क अकारविल्हे. ए फॉर ॲबी वुड, म्हणून तो दोन. ब्लॅकहीथ तीन. ब्रॉकली चार. कॅम्बरवेल पाच. अंतराचा संबंधच नाही! हीच पद्धत पुण्यात लावली असती तर दोन नंबर आंबेगावाला गेला असता आणि सदाशिव पेठ हडपसरला टेकली असती. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “वेलणकरांना विचारायला हवं होतं त्यांनी.” वेलणकर त्या वेळी दोन वर्षांचे असतील, पण मी वाद घातला नाही.

घर मात्र चांगलं होतं. उजेड होता आणि एजंट बाईंनी स्वयंपाकाबद्दल काही विचारलं नाही. उलट त्यांनी नव्या रेल्वेचं गाजर दाखवलं. एलिझाबेथ लाइन, ॲबी वुडहून सुटून थेट पॅडिंग्टनला, अगदी माझ्या ऑफिसच्या दारात. ती २०१८ च्या डिसेंबरात सुरू व्हायची होती, थोडी लांबलीय, येईलच. स्टेशन तर लाकडी छतासकट नवंकोरं तयार होतं. फक्त गाड्या नव्हत्या. पुण्यात मेट्रोचे नुसते खांब बघून आलेला माणूस अशा बोलण्याला भुलायला नको होता. सही केली.

रोज सव्वा तास जायला, सव्वा तास यायला. कुणी विचारलं तर मी ‘साउथ-ईस्ट लंडन’ म्हणायचो आणि पुढचा प्रश्न यायच्या आत हवामानाबद्दल बोलायचो. पाहुणे आले की त्यांना लेस्नेस ॲबीच्या पडक्या भिंती दाखवायच्या. ११७८ सालचा मठ, मागे रान, वसंतात त्यात पिवळे डॅफोडिल. त्या टेकडीवरून लंडनचे मनोरे दूरवर दिसतात, सिंहगडावरून पुणं दिसतं तसे. पाहुणे विचारायचे, “आणि तुम्ही लंडनमध्ये कुठे राहता?”

बाबांची पत्रं मात्र या पत्त्यावर येत राहिली. फोन रोज व्हायचा, तरी महिन्याला एक पत्र. वर डाव्या कोपऱ्यात ‘पत्र क्र.’ आणि शेवटी ठरलेला प्रश्न : किती दिवसांत मिळालं ते कळव. चौतीस वर्षं या माणसानं दुसऱ्यांच्या मुलांची परदेशी पत्रं खणात टाकली होती. आता पाकिटावर नाव त्याच्या मुलाचं होतं. २०२० च्या टाळेबंदीत परदेशी टपाल थांबलं. फोनवर ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. टपाल पुन्हा सुरू झाल्यावर एके दिवशी आमच्या दारात एकदम पाच पाकिटं पडली. क्रमांक पंधरा ते एकोणीस. पोस्ट बंद असतानाही ते महिन्याच्या महिन्याला लिहीत होते आणि क्रम मोडू नये म्हणून राखून ठेवत होते. मी ती अनुक्रमानं वाचली. एका दिवशी एकच.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात आम्ही दोघंही कोविडनं आडवे झालो. हॅरोची ताई दीड तास गाडी चालवून, सगळं शहर ओलांडून आली, दारात डबा ठेवला, बेल वाजवली आणि मागे सरकून फुटपाथवर उभी राहिली. मी दार उघडलं. तिनं लांबूनच हात हलवला. डब्यात आमटी होती. वर मूठभर कोथिंबीर. ती काही म्हणाली नाही, आणि मला माझं ते वाक्य आठवलं.

२०२१ संपता संपता आम्ही हॅरोला गेलो.

आता इथली गंमत ऐका. हॅरो हा लंडनचाच बरो, १९६५ पासून. पण टपालाच्या लेखी तो लंडन नाही. पोस्टकोड एचए, पोस्टाचं गाव हॅरो. पत्त्यात ‘लंडन’ हा शब्द कुठेच येत नाही! ज्यासाठी टिळकांच्या पाटीपासून ॲबी वुडपर्यंत वणवण केली, ते नावच गेलं. बाबांना सांगितलं तर त्यांना क्षणात समजलं. “आपल्या पिंपरीच्या उलटं. तिची महापालिका वेगळी आणि पोस्ट पुण्याचं. तुझी महापालिका लंडनची आणि पोस्ट परकं.”

आणि आम्ही सोडल्यावर सहा महिन्यांच्या आत, २४ मे २०२२ ला, एलिझाबेथ लाइन सुरू झाली. पुण्याची मेट्रो मार्चमध्येच धावू लागली होती, म्हणजे शर्यतीत पुणं जिंकलं. ॲबी वुडहून पॅडिंग्टनला आता अर्धा तासही लागत नाही. मला हॅरोहून बेकर्लू लाइननं त्याहून जास्त वेळ लागतो.

नव्या पत्त्यावर बाबांचं पहिलं पत्र आलं, क्रमांक सदतीस. पोस्टकोड ठसठशीत, बरोबर. हॅरोच्या खाली, नको तिथे, तांबड्या शाईनं ‘लंडन’ लिहिलेलं आणि त्याखाली दोन रेघा. चौतीस वर्षांत त्यांनी पत्त्यात जाणूनबुजून केलेली ही पहिली चूक असावी. नऊ दिवसांत मिळालं. तसं कळवलं.