साडेबारा टक्क्यांची भाऊबंदकी

जानेवारी १९८४ मध्ये नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या मागे अख्खं उरण-पनवेल एकवटलं. गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्या लढ्यातून, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. सरकारशी भांडण मिटलं (असं सरकार म्हणतं) आणि घरातलं सुरू झालं.

भूखंडासाठी सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. एक काका रुसला की फाइल अडली. मग समजूत काढायला बिल्डर येतो. घरात सगळ्यांशी बोलणं चालू असलेला तो एकटाच.

खरी कसोटी भाऊबीजेला. ताटात साडी, साडीखाली हक्कसोडपत्र. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. भावांना हे ठाऊक नसतं असं नाही. पण बहिणीने माहेर तोडू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. माहेर म्हणजे आता स्टिल्ट अधिक सात मजले.

एखादी धाकटी सही न करता नुसतीच ओवाळते. ती मग गावभर ‘फार शिकलेली’ म्हणून ओळखली जाते. थोरला तिच्याशी बोलत नाही. निरोप बिल्डरच पोचवतो.