इतिवृत्तात घेतो

रसायनशास्त्राच्या मंडळाचा चिटणीस ओळखायचा असेल तर त्याच्या शर्टाचा खिसा बघावा. पेनं दोन, त्यातलं एक न उठणारं. पीएच पेपरची छोटी पुस्तिका. कार्बनसकट वर्गणीचं पावतीपुस्तक. आणि खिशाच्या खाली एक तपकिरी डाग. डागाबद्दल विचारू नये. विचारलंत तर, "पोटॅशियम परमँगनेट! द्रावण जांभळं, पण डाग तपकिरी. मँगनीज डायऑक्साइड. ऑक्झॅलिक ॲसिडने चुटकीसरशी जातो." मग घालवत का नाही? "मुलांना दाखवायला ठेवलाय."

वसई-विरारमध्ये मंडळांना तोटा नाही. भजनी मंडळं आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, क्रिकेटवाले आहेत, आणि विरार लोकलच्या डब्यात टाळ कुटणारी मंडळं तर कुठल्याही कार्यालयाशिवाय वर्षानुवर्षं चालली आहेत. त्यात हे एक रसायनप्रेमींचं. कागदावर सभासद भरपूर, सभेला मोजके, आणि काम करायला सर. सर मास्तर कधीच नव्हते. एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला त्यांनी उभी नोकरी काढली. वसई पूर्वेचे गाळे, तारापूरची एमआयडीसी, मुंबईच्या कंपन्या, कॉलेजच्या प्रयोगशाळा, इथून निवृत्त झालेली अशी माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतील. बाकीचे सकाळी बागेत जमून हात वर करून हसतात. सर मंडळ चालवतात.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "इतिवृत्तात घेतो." पंखा फिरत नाही? इतिवृत्तात घेतो. व्याख्याता पाऊण तास उशिरा आला? इतिवृत्तात घेतो. एकदा सभेला आलेल्या गृहस्थांनी सहज विचारलं, "सर, चहात साखर कमी आहे का हो?" पुढच्या वर्षी मागील सभेचं इतिवृत्त वाचताना आम्ही सगळ्यांनी ते कानांनी ऐकलं: "एका सन्माननीय सभासदांनी चहातील साखरेच्या प्रमाणाविषयी पृच्छा केली. चिटणिसांनी चौकशीचे आश्वासन दिले." त्यांच्या घरी काय चालत असेल याची आम्हाला काळजी वाटायची. एकदा कळलं. आतून वहिनींचा आवाज आला, "अहो, आमटीत मीठ घालू, की आधी सभा बोलवायची?"

मंडळाचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, पण जागं होतं ऑगस्टमध्ये. 2 ऑगस्ट हा आचार्य प्रफुल्लचंद्र रायांचा जन्मदिवस. साल 1861. आदल्याच दिवशी, 1 ऑगस्टला, पालघर जिल्ह्याचा वाढदिवस. 2014 साली जिल्हा झाला तेव्हा सर्वांत जास्त आनंद सरांना झाला असावा, कारण तेव्हापासून दोन्ही शुभेच्छा एकाच फ्लेक्सवर भागतात. रायांवरचं त्यांचं भाषण आम्हाला पाठ आहे. "प्रभादेवीवरून बसने गेलात ना? बेंगॉल केमिकल लागतं ना? ती कंपनी कोणी काढली? एका प्राध्यापकाने!" मग 1896 मधलं मर्क्युरस नायट्राइट, 1924 मध्ये स्थापन झालेली इंडियन केमिकल सोसायटी आणि तिचे पहिले अध्यक्ष. शेवटी आवाज किंचित खाली आणून, "साठाव्या वर्षानंतर या माणसाने आपला सगळा पगार विद्यापीठाला देऊन टाकला. सगळा." दोन सेकंद शांतता. आणि त्या शांततेत खिशातून पावतीपुस्तक बाहेर येतं.

ऑक्टोबरात मोल दिन. 23 ऑक्टोबर, सहा वाजून दोन मिनिटं, कारण ॲव्होगॅड्रोचा आकडा 6.022 गुणिले दहाचा तेविसावा घात. जगभरच्या रसायनवाल्यांसाठी ही वेळ पवित्र. आमच्याकडे संध्याकाळची सहा-दोन धरतात आणि अर्धे सभासद तेव्हा बोरिवली आणि भाईंदरच्या मध्ये कुणाच्या तरी बॅगेखाली अडकलेले असतात. तरी सर 6.02 ला दीप लावतात. समोर कोणी नसलं तरी लावतात. 2014 साली नेमकं त्याच दिवशी लक्ष्मीपूजन आलं. कोणीही म्हणालं असतं, यंदा राहू दे. सरांनी इमारतीच्या गच्चीवर पोरं जमवली आणि फटाक्यांतून रसायनशास्त्र काढलं: लाल दिसलं की स्ट्रॉन्शियम, हिरवं दिसलं की बेरियम, पिवळं म्हणजे सोडियम, आणि चांगला निळा रंग सगळ्यांत अवघड, तो तांब्याचा. पोरं ओरडत होती, "सर, तो बघा बेरियम!" खाली बायका विचारत होत्या, हा बेरियम कुठल्या मजल्यावरचा?

शाळांमधले प्रयोग हा सरांचा खरा हातखंडा. फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकून साबणाचं पाणी गुलाबी करणं वगैरे नेहमीचं आहेच, पण त्यांना आवडतं ते गावचं सामान. जूनमध्ये बहाडोलीची जांभळं आणायची, रस काढायचा, लिंबू पिळून तो लालसर गुलाबी आणि खायचा सोडा घालून निळसर हिरवा करून दाखवायचा. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात जांभळांची टोपली स्टाफरूममध्ये ठेवली जाते आणि प्रयोगापर्यंत बिया उरतात. सरांनी त्याची खर्चात नोंद केली ती 'रसायने (सेंद्रिय)' या शीर्षाखाली.

मार्चअखेर एक सहल. मिठागरं बघायची, कारण सरांच्या मते वसईकराने आयुष्यात एकदा तरी खाजणात उभं राहून समजून घेतलं पाहिजे की खाऱ्या पाण्यातून मीठ आधी खाली बसतं आणि मॅग्नेशियमचे क्षार मागच्या कडू पाण्यात राहतात. सभासदांच्या मते जेवण कुठे आहे ते आधी समजलं पाहिजे. परतताना बाजारात सर केळ्यांसमोर थांबतात, देठ बघतात, वास घेतात, कार्बाइडने पिकवलेल्या फळावर दोन वाक्यं बोलतात. केळीवाल्या मावशी त्यांना ओळखून आहेत. "सर, घ्यायची तर घ्या. परीक्षा नको."

पण सर काय चीज आहे ते बघायचं तर पाण्याचा किस्सा ऐकायला हवा.

इकडे पाणी हा जिव्हाळ्याचा विषय. कुठे विहिरीला खार लागलेला, कुठे टँकर, त्यामुळे पाणी शुद्ध करणारी यंत्रं विकणाऱ्यांची चलती. असाच एक तरुण सरांच्या सोसायटीत आला. पाठीला सॅक, गळ्यात ओळखपत्र. खालच्या हॉलमध्ये त्याने दोन ग्लास मांडले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडून बटण दाबलं. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी, वर गाळाचा फेस. यंत्राचं पाणी नितळ. बायकांनी पदर तोंडाला लावले. "काकू, हे तुम्ही रोज मुलांना पाजताय."

सर मागे उभे होते. ते पुढे झाले, काही बोलले नाहीत. वॉचमनच्या डब्यातून चिमूटभर मीठ आणवलं आणि त्या नितळ ग्लासात टाकलं. "आता दाबा बटण." तरुणाने दाबलं नाही. सरांनी दाबलं. हळूहळू तेही पाणी तपकिरी झालं, पहिल्यापेक्षा गडद. "घाण पाण्यात नव्हती, बाळा. तुझी एक कांडी लोखंडाची आहे. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं, त्याचा हा गंज. तुझ्या पाण्यात क्षारच नाहीत, म्हणून ते गप्प बसलं होतं. खरं की नाही?"

आता लोक त्या पोराला हाकलणार, एवढ्यात सरांनी त्याला खुर्ची दिली. शिक्षण विचारलं. बीएस्सी, रसायनशास्त्र, नालासोपाऱ्यात राहतो. सरांचा चेहरा असा उजळला की जणू हरवलेला पुतण्या सापडला. "अरे, मग तू आपलाच!" आणि खिशातून पावतीपुस्तक. यंत्र एकही खपलं नाही, पण पावती फाटली. तो मुलगा आज मंडळाच्या प्रदर्शनात तोच प्रयोग करतो, दोन्ही ग्लासांसकट, मिठासकट. गर्दी सगळ्यात जास्त त्याच्या टेबलाशी.

आणि मग सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभा. सूचना चौदा दिवस आधी, व्हॉट्सॲपवर आणि शिवाय पोस्टकार्डावर, 'उपस्थिती प्रार्थनीय' या शब्दांखाली दोन रेघा. वेळ पाच. पाचला सर, खजिनदार आणि हॉल उघडणारा शिपाई. सर घड्याळ बघून, उभे राहून, खणखणीत आवाजात जाहीर करतात, "गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे. साडेपाचला याच ठिकाणी होईल, तेव्हा गणसंख्येची अट राहणार नाही." शिपाई मान डोलावतो. साडेपाचला माणसं येतात, कारण सगळ्यांना माहीत आहे की सभा साडेपाचलाच असते. मग पाचची वेळ का देता? "नियम आहे."

भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता. तो छापला तेव्हा शेवटची ओळ अपुरी होती. 2012 साली दोन नवी नावं ठरली तेव्हा सरांनी फ्लेरोवियम आणि लिव्हरमोरियम अशा दोन चिठ्ठ्या डकवल्या. 2016 मध्ये आणखी चार: निहोनियम, मॉस्कोवियम, टेनेसीन, ओगानेसॉन. 2019 हे आवर्तसारणीचं आंतरराष्ट्रीय वर्ष, मेंडेलीव्हच्या सारणीला दीडशे वर्षं झालेली, म्हणून नवा तक्ता घ्यायचा ठराव सर्वानुमते झाला. तक्ता आलेला नाही. डिंक चांगला आहे, असं सरांचं मत आहे.

जमाखर्चापाशी सभा रंगते. खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले, सर प्रयोगशाळेतून, आणि दोघांमध्ये एक तडकलेलं ब्युरेट. खजिनदारांना ते डेड स्टॉकमधून निर्लेखित करायचंय. सरांचं म्हणणं, तडा शून्याच्या खुणेच्या वर आहे, मापनाला बाधा नाही. खजिनदार म्हणतात, मग घसारा लावा. सर म्हणतात, काचेला घसारा नसतो, काच एक तर असते नाही तर फुटते. गंजलेल्या चिमट्यांवरून यांचं एका मिनिटात जमलं होतं, ब्युरेटवर मात्र तीन सभा गेल्या. गेल्या खेपेला कोणीतरी वैतागून म्हणालं, "फोडून टाका ते एकदाचं." सरांनी चष्मा काढला, त्या सभासदाकडे बघितलं, आणि म्हणाले, "इतिवृत्तात घेतो."

शेवटचा विषय 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे'. ऐनवेळी दर वर्षी एकच विषय येतो: सरांचा राजीनामा. "आता तरुणांनी पुढं यावं. माझं वय झालं. विरारहून दादर, दादरहून चुनाभट्टीला विज्ञान परिषदेत जायचं म्हटलं तरी गुडघे बोलतात." सगळे जमिनीकडे बघतात. मग कोणीतरी सुचवतो, कोणीतरी अनुमोदन देतो, टाळ्या, सर नाइलाजाने हात जोडतात, वडा येतो.

दोन वर्षांपूर्वी यात बिघाड झाला. मागच्या रांगेतून एक मुलगी उभी राहिली. एमएस्सी करणारी, पहिल्यांदाच आलेली, त्यामुळे पद्धत माहीत नाही. "सर, मी करते." हॉलमध्ये पंखा फिरत असता तर त्याचा आवाज ऐकू आला असता. सरांनी पाणी प्यायलं. मग घटनेची प्रत काढली, तिच्यात सहचिटणिसाची तरतूद शोधून काढली आणि तिची बिनविरोध निवड जाहीर केली.

पोरगी कामाची निघाली. तिने सभासदांची यादी मोबाइलवर आणली, नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म केला. सर तो रोज छापून फाइलला लावतात. तिने म्हटलं, "सर, कपाटाची किल्ली द्याल का?" सर म्हणाले, "देतो की. आधी चार्ज लिस्ट करू." दर शनिवारी दोघं कपाटासमोर बसतात. एकेक बाटली निघते, सर तिची गोष्ट सांगतात, कोणत्या शाळेत कोणतं पोर या बाटलीकडे बघून काय म्हणालं होतं ते सांगतात, मग ती लिहून घेते. दोन वर्षांत दुसऱ्या फळीपर्यंत आलेत. कपाटाला फळ्या पाच. मला वाटलं होतं ती कंटाळून सोडून देईल. परवा भेटली तेव्हा तिच्याही कुर्त्याला खिशापाशी एक तपकिरी डाग दिसला, आणि मी काही विचारलं नाही.

यंदाची सभा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी. सभासद नसाल तरी या, बाहेरच्या टेबलावर होता येतं, वर्गणी 200 रुपये. साडेपाचला आलात तरी चालेल, पण एखादा पाचला आला तर बरं. तहकुबी ऐकायला शिपाई यंदा रजेवर आहे. आणि पैसे सुटे आणा. पाचशेची नोट दिलीत तर उरलेले सर परत देत नाहीत, पुढच्या वर्षांच्या वर्गणीत जमा करून घेतात, आणि तशी पावतीही देतात.