रंधायंत्राची प्रतिष्ठापना
गॅलरीतील कुंड्यांना रीतसर हद्दपारीचा हुकूम सुनावून ज्यांनी तेथे विजेच्या रंधायंत्राची यथासांग प्रतिष्ठापना केली, त्या हौशी गृहस्थांची अशी दृढ श्रद्धा असते की, वाकडी फळी एका बाजूने आत सारली म्हणजे दुसरीकडून ती सरळ होऊनच अवतरेल. यंत्राचे रूळ तिला पात्याखाली दाबून धरतात खरे. पण दाब सुटताच ती मूळ स्वभावावर येते, फक्त पातळ होऊन! आधी एक अंग हातरंध्याने सपाट करावे, एका फेरीत मिलिमीटरभराहून अधिक सोलू नये, आणि मागचेपुढचे टेकू समपातळीत ठेवावेत, एरवी टोकांना खळगा पडतो, हे कोणताही सुतार फुकट सांगेल. परंतु फुकटचा सल्ला हौशी माणसाच्या इभ्रतीस परवडत नाही. तूर्त खालच्या मजल्यावरील पापडांवर सागाच्या ढलप्यांची वृष्टी चालू असून, सोसायटीचे चिटणीस पंचनाम्यासाठी जिना चढत आहेत.